डाव्या पायाचा बूट

घड्याळं दुरुस्त करणाऱ्याला सेकंदकाट्याची चूक दिसते, तर तीन माणसांची मिलीभगत दिसणार नाही? वाचनालयाच्या वरच्या दालनात दुपारच्या कार्यक्रमाची मांडामांड चालली होती. घड्याळजी आपला डबल बेस, ते उभ्याने वाजवायचं माणसाएवढं तंतुवाद्य, फडक्याने पुसत होता आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून तिघांवर नजर ठेवून होता.

चौघांच्या या जॅझ गटाचा नियम एकच: आधी काही ठरवायचं नाही. कागद नाही, खुणा नाहीत; मंचावर सुचेल ते वाजवायचं. ठरवून वाजवणाऱ्याला गटात जागा नाही. हा नियम आठ वर्षांपूर्वी घड्याळजीनेच घातला होता, तोही मोठ्या तोऱ्यात.

आणि आता गेले तीन कार्यक्रम भलतंच चाललं होतं. याने चाल वळवायला जावं, तर पियानोवाल्या बाई, सॅक्सोफोनवाले दातांचे डॉक्टर आणि ड्रमवरचे त्याचे दाजी आधीच वळलेले. याचा सूर आपला मागून, पंगत उठल्यावर आलेल्या पाहुण्यासारखा. कुठेतरी पाणी मुरत होतं.

काल तर तो डॉक्टरांच्या दवाखान्यात शिरला, तेव्हा आत बाई म्हणत होत्या, "त्याला कळता कामा नये." त्याला पाहताच दोघं गप्प. मग डॉक्टरांनी घाईघाईने विचारलं, "काय, दाढ कशी आहे?" दाढ ठणठणीत होती. दुखत होतं ते दुसरंच.

त्याने बहिणीला फोन करून पाहिला. "ताई, दाजी माझ्याबद्दल काही म्हणाले का?"

"तुझ्याबद्दल? अरे, ते माझ्याबद्दलसुद्धा काही म्हणत नाहीत."

तिघं मिळून आपल्याला काढणार, याची त्याला खात्रीच पटली. हे वाजवणं गेलं तर मागे काय उरणार? दुकान, आणि दुसऱ्यांची बंद पडलेली घड्याळं. त्याला भीती वाटत होती आणि रागही येत होता.

म्हणून त्याने सापळा लावला. आज आपण वळायचंच नाही. एकच चाल धरून बसायची आणि बघायचं. यांचं ठरलेलं असेल, तर ठरल्या जागी हे वळतीलच.

कार्यक्रम सुरू झाला. बारीक स्क्रू बसवताना धरतो तसा श्वास रोखून, दोन्ही पाय जमिनीत रोवून तो उभा राहिला. चाल फिरली, पुन्हा फिरली. कुणीच वळेना. डॉक्टरांचा चेहरा लाल झाला, दम संपत आला. बाई मान वाकडी करून खाली बघत होत्या. पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी जांभई दिली. शेवटी दाजींनीच झांजेवर एक फटका मारून सगळं आवरलं. लोकांनी सभ्यपणे टाळ्या वाजवल्या.

मध्यंतरात तो पडद्यामागे उसळला. "ठरलेलं विसरलात वाटतं?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. दाजी म्हणाले, "सांगून टाका आता."

"तुमचा डावा बूट," बाई म्हणाल्या. "वळायच्या आधी तुमची टाच उचलली जाते. आम्ही तिच्याकडे बघून वळतो. तीन कार्यक्रमांपूर्वी माझ्या लक्षात आलं. तुम्हाला सांगितलं तर पाय अवघडेल, म्हणून गप्प राहिलो."

"आज पाय हललाच नाही हो," डॉक्टर म्हणाले. "मला वाटलं, तुम्हाला बरं नाही."

घड्याळजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे तिघं त्याच्याच मागे चालत होते, आणि त्याने त्यांना चोर ठरवलं होतं. माफी मागायला तोंड उघडलं, तोवर घंटा झाली.

उत्तरार्धात त्याला छान वळण सुचलं. त्याने खाली पाहिलं. टाच जागची हलेना. थोडा वेळ वाट पाहून त्याने ती मुद्दाम उचलली.

तिघंही निमूट वळले. आठ वर्षांत पहिल्यांदाच त्या गटात आधी ठरवून काहीतरी वाजलं होतं, आणि ठरवणारा तोच होता.