दोन सह्यांचा पैसा

बाकीच्यांना एक सासू असते, मला दोन आहेत. थोरली स्योकाऊ, माझ्या नवऱ्याची सख्खी आई. धाकटी मुंबुआ, तिची सवत. मामंजी, म्हणजे माइथ्या, वारले तेव्हा दोघी एकाच झाडाखाली बसून रडल्या, पण एकमेकींकडे पाठ करून.

पुढे नव्या रस्त्यात आमचं खालचं शेत गेलं आणि त्याची भरपाई आली. कुळातल्या वडीलधाऱ्यांनी निकाल दिला, की पैसा दोघींचा, आणि दोघींच्या सह्यांशिवाय एक शिलिंग हलायचा नाही. तो बँकेत नुसता पडून राहिला. चर्चमध्ये लोक म्हणू लागले, पैसा झोपवून ठेवू नका, फंडात घाला. कुठल्या फंडात, ते मात्र दर रविवारी वेगळं. शेवटी दोघी माचाकोस शहरात जायला निघाल्या. मला सोबत घेतलं, कारण माझ्यावर दोघींचा सारखाच अविश्वास होता.

फंडाच्या कचेरीत काविन्या नावाची मुलगी होती. बोलायला गोड.

"आई, हे आपल्या भिशीसारखंच. खूप जणांचे पैसे एकत्र करायचे आणि आम्ही ते कामाला लावायचे. फक्त कुठे लावायचे, ते तुम्ही ठरवायचं."

मग तिनं चार प्रकार सांगितले. एकात पैसा थोड्या मुदतीच्या ठेवींत जातो. व्याज बेताचं, पण मागितला की दोन-तीन दिवसांत हातात. दुसरा सरकारी रोख्यांचा. तिसरा शेअरचा; चढला तर खूप चढतो, पडला तर पडतो. चौथा मिश्र, सगळ्यांतलं थोडं थोडं.

"पडतो म्हणजे?" स्योकाऊनं विचारलं.

"भाव उतरतो, आई. पैसा कमी दिसतो."

"दिसतो, की असतो?"

काविन्या जरा घुटमळली. "त्याच दिवशी काढलात तर असतो. ठेवलात तर नुसता दिसतो. म्हणून मी आधी विचारते, तुम्हाला हा पैसा कधी लागणार?"

याचं उत्तर कुणीच दिलं नाही. माझं डोकं तर 'दिसतो'पाशीच अडकलं होतं. पण मुंबुआ मान डोलावत होती. ते पाहून स्योकाऊ तिच्यापेक्षा जोरात डोलावू लागली.

"त्या तिसऱ्याचं नाव काय म्हणालीस?" तिनं विचारलं. पुन्हा एकदा विचारलं.

मुंबुआ घाईनं म्हणाली, "आम्ही शेअरचाच घेऊ."

"मी तेच म्हणणार होते," स्योकाऊ म्हणाली.

माझ्या लग्नापासून मी या दोघींचं एकमत पाहिलं नव्हतं. मला भीतीच वाटली. काविन्या म्हणाली, जेवून या, मग कागद करू.

खानावळीत आम्ही मका-घेवड्याचं मुथोकोई मागवलं. दोन घास झाल्यावर स्योकाऊ म्हणाली, "तुला बरं शेअरमधलं कळतं. कुणी शिकवलं?"

"मला कुठे कळतंय? तू दोनदा नाव विचारलंस. म्हटलं, अक्काला काहीतरी आतली बातमी दिसतेय."

"मला ऐकू आलं नाही म्हणून विचारलं."

"मग मान कशाला डोलावत होतीस?"

"तू डोलावत होतीस म्हणून."

मी हसू दाबायला पाण्याचा पेला तोंडाला लावला. मुंबुआ मात्र हसली नाही.

"तिनं विचारलं, पैसा कधी लागणार. तू गप्प का बसलीस? तुला तर आत्ताच लागणार आहे."

"मला कशाला?"

"डोळ्यांना. परवा माझी शेळी आपली समजून हाकत नेलीस. आधी वाटलं, चोरतेयस. मग बघितलं, तू आपल्याच दाराची चौकट हातानं चाचपत होतीस."

मी स्योकाऊच्याच घरात राहते आणि मला हे दिसलं नव्हतं. स्योकाऊनं चमचा खाली ठेवला.

"मोतीबिंदू आहे म्हणाले. ऑपरेशनला पैसे काढायचे तर तुझी सही. तुझ्यापुढे हात कोण पसरणार?"

"मग आंधळी होणार होतीस?"

स्योकाऊनं चमचा पुन्हा उचलला. मग म्हणाली, "आणि तुला कधी लागणार?"

"मी तुझ्याहून कितीतरी लहान. मला म्हातारपणी लागेल. तेव्हा तू नसशील, भांडायला कुणी नसेल. निदान पैसा तरी असू दे."

एवढं बोलून तिनं ताटात मान घातली आणि सगळं संपेपर्यंत वर काढली नाही.

कचेरीत परत गेल्यावर तीच म्हणाली, "मुली, पहिल्यापासून सांग. मघाशी आम्हाला काही कळलं नव्हतं."

काविन्यानं पहिल्यापासून सांगितलं. तरी निम्मंच कळलं. अखेर थोडा पैसा लगेच निघणाऱ्या फंडात आणि उरलेला मिश्र फंडात घालायचं ठरलं.

"यातला माझा कुठला आणि हिचा कुठला?" स्योकाऊनं विचारलं.

"दोन्ही दोघींचे, आई."

हे दोघींनाही पटलं नाही. पण सह्या केल्या. परतीच्या मटाटू गाडीत स्योकाऊ हळूच म्हणाली, "मुंबुआ, आपण नेमकं काय केलं?"

"मला विचारू नकोस, अक्का. आधी डोळे होऊ देत."

डोळे झाले. ऑपरेशनच्या दिवशी मुंबुआ दवाखान्यात बाकावर बसून राहिली. नर्सला सांगत होती, मी फक्त सहीपुरती आलेय. सही तर आदल्या आठवड्यातच झाली होती.

त्यानंतर मिश्र फंडाचा भाव उतरला. स्योकाऊ म्हणाली काढू, मुंबुआ म्हणाली थांबू. पुढच्या आठवड्यात मुंबुआ म्हणाली काढू, स्योकाऊ म्हणाली थांबू. मी काविन्याला फोन लावला. ती म्हणाली, लांबच्या मुदतीचा पैसा आहे, धीर धरा. किती धीर, ते तिलाही सांगता आलं नाही.

हल्ली भाव जरा चढलाय. काढावा की ठेवावा, यावरून काल आमच्या अंगणात दोघींचं पुन्हा वाजलं. माझं मत विचारलं. मी म्हटलं, मला खरंच समजत नाही. स्योकाऊ रागावून उठून गेली. थोड्या वेळानं शाल घेऊन परत आली, कारण वाद अर्धाच राहिला होता आणि गार वारा सुटला होता.