भाऊसाहेबांचा हिवाळा

पैदाशीच्या त्या काळ्या घोड्याला सगळे भाऊसाहेब म्हणत. नाव त्याची देखभाल करणाऱ्या मोतद्दाराने ठेवलेलं. चार शब्द अदबीने बोलल्याशिवाय हा पायाला हात लावू द्यायचा नाही, म्हणून. उन्हाळ्यात त्याचा तोरा बघण्यासारखा असे. लांबून एखादी घोडी गेली तरी मान बाकदार करून असा खिंकाळायचा की पत्रे थरथरावेत. थंडी पडली आणि त्याचा नूरच पालटला. अंगावर केसांची गोधडी चढली. एका पायावर भार टाकून तो तासन्‌तास उभा राही. माजावर आलेली घोडी समोर आणली, तर तिला जरासं हुंगून पुन्हा गवतात तोंड खुपसलं.

मालकांनी ते पाहिलं आणि घोडा संपला, आता विकून टाकू, असं म्हणाले.

तिथल्या घोड्यांच्या डॉक्टरीणबाईंनी मात्र आधी तपासणी केली. वृषणं मोजली तर उन्हाळ्यापेक्षा चांगलीच आक्रसलेली. मायक्रोस्कोपखाली शुक्रजंतू दिसले, पण विरळ.

"संपलेला नाही तो," त्या मालकांना म्हणाल्या. "दिवस लहान झालेत, एवढंच. उजेड कमी झाला की नराचंही शरीर थंडावतं. घोडी जवळजवळ वर्षभर गाभण असते. आत्ता भरली, तर शिंगरू पुढच्या कडाक्यात जन्मेल, म्हणून निसर्गच आवर घालतो. तुम्ही माद्यांना दिवे लावून लवकर माजावर आणलंत. याला कोणी लावले?"

मालकांनी एकदा घोड्याकडे पाहिलं. मग म्हणाले, लावा दिवे, वसंतापर्यंत बघू.

भाऊसाहेबांच्या तबेल्यातल्या खणात मोठे दिवे बसले. दिवस मावळल्यावरही रात्रीच्या जेवणापर्यंत उजेड राहिला पाहिजे आणि मग मात्र गच्च अंधार. आपोआप बंद होणारं बटण मागवलेलं होतं, ते काही येईना. मोतद्दाराला अंधाराआधी घरी पोचायचं असे. त्याच्या घरी माणसांचा गोतावळा. डॉक्टरीणबाई आवारातल्याच दोन खोल्यांत राहत. नवरा गेल्यावर त्यांनी ही नोकरी धरली ती त्या दोन खोल्यांसाठीच. दिवे मी बंद करीन, असं त्याच म्हणाल्या.

पहिल्या संध्याकाळी त्या नुसत्या येरझाऱ्या घालत राहिल्या. दुसऱ्या दिवशी खुर्ची नेली, मग शाल, मग जेवणाचा डबा. घोडा चघळायचा, त्याही जेवायच्या. हळूहळू त्या त्याच्याशी बोलायला लागल्या. आज भाजी खारट झाली, नळाला पाणी बारीक येतंय, असलंच काहीबाही. एकदा तर त्यांनी नवऱ्याच्या शेवटच्या आजारपणाचं सगळं सांगितलं, जे बहिणीलाही सांगितलं नव्हतं. भाऊसाहेब दारावर हनुवटी टेकून डोळे अर्धवट मिटायचे. त्याचा उबदार श्वास बाईंच्या मनगटावर यायचा.

दिव्यांनी आपलं काम केलं. बाहेर अजून कुडकुडायची थंडी, पण खरारा केला की केसांचे पुंजके निघायला लागले. खालून नवे, तुळतुळीत काळे केस. मग एका सकाळी तो मागच्या पायांवर उभा राहिला, खिंकाळला आणि मोतद्दाराची फरफट झाली. वीर्याच्या नव्या नमुन्यात शुक्रजंतूंची नुसती झुंबड होती. डॉक्टरीणबाई मायक्रोस्कोपला डोळा लावून स्वतःशीच हसल्या.

त्या संध्याकाळी त्या नेहमीप्रमाणे डबा घेऊन गेल्या. त्यांनी कपाळ खाजवायला हात पुढे केला. घोड्याने कान मागे पाडले आणि दातांनी त्यांचा दंडच धरला. जाड स्वेटरमुळे रक्त आलं नाही, पण हात काळानिळा पडला. त्यांनी त्याला दोष दिला नाही. नर जागा झाला की असाच असतो, हे त्यांनीच कितीतरी जणांना शिकवलं होतं. तरी दिवे बंद करून, डबा न उघडताच त्या खुर्ची उचलून घरी परतल्या.

घोड्या एकेक करून भरल्या. मालक खूश झाले, आणि त्याच खुशीत ते बटणही एकदाचं आलं. आता तुम्हाला संध्याकाळी तिष्ठत बसायला नको, असं ते मोठ्या मायेने म्हणाले. डॉक्टरीणबाईंना आभार मानावे लागले.

त्या संध्याकाळी खोलीत काय करावं ते सुचेना. भात टाकला, दोनदा ओटा पुसला. इतक्यात थोरल्या बहिणीचा फोन आला. ती नेहमीसारखी सुनेची, नातवाच्या दातांची, गुडघेदुखीची गाऱ्हाणी सांगत राहिली आणि शेवटी सवयीने म्हणाली, "तू बरी आहेस ना?"

मजेत, असंच त्या दर वेळी म्हणत. आज तो शब्द तोंडातून निघेना.

"एकटी पडलेय गं ताई," त्या म्हणाल्या.

पलीकडे टीव्ही बंद झाल्याचा आवाज आला. 

"तू येतेस, की मी येऊ?" ताईने विचारलं. "मी आले तर चांगली महिनाभर राहीन हं. मग कटकट करायची नाही."

"तूच ये."

फोन ठेवून त्या आतल्या खोलीत गेल्या. दुसऱ्या खाटेवर नमुन्यांची रिकामी खोकी छतापर्यंत रचलेली होती. भात तसाच ठेवून त्यांनी वरचं खोकं खाली काढलं, आणि मग एकेक करून सगळी.