एका माणसाची खोली

राहायला स्वस्त देश कोणता, हे शोधण्यात अंगदचा अख्खा श्रावण गेला. त्या दिवसांत त्याने कंपनीचं काम किती केलं, हे कंपनीला न कळलेलंच बरं. काम तसं कुठूनही होण्यासारखं होतं. परदेशातल्या एका ऑनलाइन दुकानाच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी यायच्या, त्या त्याने लॅपटॉपवर बसून निस्तरायच्या. दोन वर्षं तो हे काम पाथर्डी तालुक्यातल्या आपल्या वाडीत, पत्र्याच्या घरात बसून करत होता. लाइट गेली की मोटारसायकल काढून पाथर्डीला पळायचं, रेंज गेली की पाण्याच्या टाकीवर चढायचं. मग एक दिवस कंपनी म्हणाली, जगात कुठेही बसा, आम्हाला काम झाल्याशी मतलब. झालं. साहेबांना जग दिसायला लागलं.

घरात माणसं दोनच, अंगद आणि त्याची आई लंकाबाई. बाप गेला तेव्हा अंगद बारावीला होता. त्यानंतरही लंकाबाई दर वर्षी दसरा झाला की ऊसतोडीला जायची. नवरा-बायकोच्या जोडीला मुकादम एक कोयता धरतात. एकटी बाई म्हणजे अर्धा कोयता. तिला असंच कुणातरी एकट्या बाईशी जोडून श्रीगोंद्याकडच्या फडात न्यायचे. त्या अर्ध्या कोयत्यावर अंगद शिकला. घरी बसून करायची नोकरी लागली तेव्हा त्याने आईला बजावलं, आता तू जायचं नाहीस, आणि ती खरंच राहिली. दसऱ्यानंतर सगळी वाडी रिकामी व्हायची, दाराला दारं कुलपं लागायची, मागे थकलेली म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं तेवढी उरायची. पण मायलेकरं दोन वर्षं आपल्या घरात एकमेकांसमोर बसून जेवली. लंकाबाईला त्याहून जास्त काही नको होतं.

एका संध्याकाळी अंगद ओट्यावर बसून मोबाइलवर खोल्या बघत होता. आई शेजारी शेंगा फोडत बसली होती. त्याने सहज फोन तिच्यापुढे धरला. आईला घरं दाखवायची, तिचं बोलणं ऐकायचं आणि हसायचं, एवढाच त्याचा हेतू होता.

"हे थायलंड. चियांग माई म्हणून गाव आहे. स्वस्त आहे, पण उन्हाळ्यात धूर फार असतो. शेतं पेटवतात लोकं."

"मंग तिथं नगं," लंकाबाई म्हणाली. "पाचट पेटवल्यावर कसं डोळं झोंबत्यात, म्या काय कमी बघितलंय व्हय?"

"हे तिबिलिसी शहर. बर्फ पडतो."

"बर्फात कुठं मरायला जातूस! फुडं दाव."

तिसरं होतं व्हिएतनाममधलं दानांग. समुद्र, उबदार हवा, आणि पुण्यापेक्षा स्वस्त भाडं. लंकाबाईने हात पदराला पुसले आणि फोन नीट हातात घेतला. एका खोलीला खिडकी नव्हती, ती तिने बाद केली. एकीत मोरी लांब होती, तीही गेली. तिसरीवर तिचं बोट थांबलं. मोठी खिडकी, खाली लोखंडी खाट, कोपऱ्यात स्वयंपाकाचा ओटा.

"ही चांगली हाय. ज्वारीचं पीठ मिळंल का रं तिथं?"

"तांदूळ मिळतो."

"मंग पीठ हितूनच न्यावं लागंल." तिने फोटोतल्या भिंतीवर बोट टेकवलं. "तुझं टेबल त्या अंगाला ठेव. मी माझं हातरून खिडकीखाली टाकीन. मला वारं लागतं."

अंगदचं हसू जागच्या जागी राहिलं. आई काय समजून बसली आहे, हे त्याला त्या क्षणी लख्ख कळलं. तिचं तरी काय चुकलं? त्या वाडीत लांब कामाला जाणारा माणूस घरातलं धडधाकट माणूस मागे ठेवत नाही. बिऱ्हाड जातं ते सगळं जातं. मागे राहायचं ते ज्याचे हातपाय थकले त्याने. लंकाबाईला अजून पन्नाशी लागायची होती. आपला मुलगा आपल्याला मागे ठेवून जाईल, हे तिच्या डोक्यात येण्याचं काही कारणच नव्हतं.

तेव्हाच सांगून टाकायचं. पण अंगद म्हणाला, "बघू."

या एका शब्दाने आपल्याकडे किती माणसं ताटकळत ठेवली असतील, त्याला गणती नाही. तो नकार नसतो म्हणून बोलणाऱ्याला टोचत नाही, आणि ऐकणारा त्याचा होकार करून घेतो. लंकाबाईने तेच केलं. ती खुशीत उठली आणि चुलीकडे गेली.

अंगदने त्या रात्री अंथरुणावर पडून स्वतःला बरीच कारणं सांगितली. आईला तिथलं खाणं मानवणार नाही. ती करमणार नाही म्हणेल. तिच्याकडे पासपोर्ट नाही. पासपोर्ट काढता येतो, हे त्याला ठाऊक होतं. परवडण्याचाही प्रश्न नव्हता, दोघांचं तिथे सहज भागलं असतं. खरं कारण वेगळंच होतं. समुद्राकाठच्या कॉफीच्या दुकानात, देशोदेशीच्या पोरापोरींत आपण बसलोय, असं चित्र त्याने मनात रंगवलं होतं. त्या चित्रात डोक्यावर पदर घेऊन उकिडवी बसलेली, येणाऱ्याजाणाऱ्याला जेवलास का विचारणारी आई त्याला नको होती. त्याला तिची लाज वाटत होती. ही बाई आपल्यासाठी फडात राबली हे आठवून त्या लाजेचीही लाज वाटत होती. तरी दोन दिवसांनी त्याने खोली पक्की केली. आईने निवडलेलीच केली, पण पलंग एक, माणूस एक.

आईशी बोलणं मात्र आज-उद्यावर ढकलत राहिला. दसरा तोंडावर आला तेव्हा पाथर्डीच्या स्टँडजवळ चहाच्या टपरीवर त्याला पुंजाराम मुकादम भेटला. वाडीतल्या टोळ्या हाच न्यायचा.

"काय अंगदशेठ, आईला घिऊन इमानात बसनार म्हनं!" पुंजाराम मोठ्यांदा म्हणाला. "दोन वर्सं ती घरी हुती, म्हनून म्या औंदा इचारायला गेल्तो. तर म्हनली, मी पोरासंगं चालले दर्याकाठी. आपल्या शेळ्या बी वाट्यानं संभाळायला दिल्या तिनं. कालच फोटो काढून घेतलं, पासपोर्टाला लागत्यात म्हनून. अख्ख्या वाडीला दावत फिरली."

अंगदने चहाचा कप खाली ठेवला. आता सांगायचं तर नुसतं आईला सांगून भागणार नव्हतं, सगळ्या वाडीपुढे ती तोंडघशी पडणार होती. आणि न सांगता गेला, तर रिकाम्या वाडीत ती एकटी, शेळ्याही नाहीत. विचार करता करता त्याला एक वाट सुचली. अशा वेळी माणसाला जी वाट सुचते ती बहुतेक वेळा त्याच्या सोयीचीच असते.

"आप्पा," तो आवाज खाली आणून म्हणाला, "टोळीत जागा आहे का? म्हणजे... आईसाठी."

"वैनीसाठी?" पुंजारामने विचारलं.

"मला एकट्यालाच जावं लागतंय. ती इथे एकटी राहणार नाही. टोळीत सगळ्या ओळखीच्या बाया असतात, तिचं मन रमेल. तुम्ही घरी या आणि सांगा, माणूस कमी पडतंय, लंकाबाईशिवाय भागत नाही. माझं नाव नका काढू."

"जागा हाय," पुंजाराम सावकाश म्हणाला. "भीमा औंदा बाळतीन बायकोपाशी घरीच ऱ्हातोय, तवा त्याची आई जोडीबिगर अर्धी पडलीय. पर मी असा चोरून मानूस नेत न्हाई. आमच्यात घरातल्यानं चार मान्सांत तोंडानं सांगावं लागतं, की माझं मानूस घ्या. उद्या कुनी म्हनायला नगं, मुकादमानं वढून नेली. मी येतो. तू दारात हुबा राहा आन् बोल."

दुसऱ्या दिवशी सकाळी पुंजाराम खरंच आला. त्याला बघून शेजारची सत्यशीला आणि तिचा नवरा ओट्याशी आले, आणखी दोघं-तिघं जमली. लंकाबाई चहा घेऊन बाहेर आली, हसत म्हणाली, "मुकादम, तुमाला सांगितलं ना, मी औंदा न्हाई यायची."

पुंजारामने कप घेतला नाही. "वैनी, अंगदला काय बोलायचंय. बोल रं."

अंगद दाराच्या चौकटीला धरून उभा होता. इंग्रजीतून परक्या माणसांच्या तक्रारी निस्तरणारा हा मुलगा, त्याला स्वतःच्या दारात एक वाक्य जुळेना.

"आप्पा," तो शेवटी म्हणाला, "आईला टोळीत घ्या."

लंकाबाईने कप ओट्यावर ठेवला. तिने मुलाकडे एकदाच बघितलं, मग जमलेल्या माणसांकडे बघितलं, आणि पदर सारखा केला.

"व्हय," ती म्हणाली. "मीच म्हनले त्याला, मुकादमाला सांग म्हनून. दोन-तीन दीस झालं, इचार बदलला. तिथं पीठ मिळत न्हाई म्हनं. भाकरीबिगर मी काय करू तिथं?" आणि सत्यशीलाकडे वळून हसली. "फोटो गेलं वाया."

माणसं पांगली. अंगद चुलीपाशी तिच्यामागे जाऊन उभा राहिला. माफी मागायला आला होता, पण शब्द फुटायच्या आत तिनेच विचारलं.

"किती मान्सांची हाय रं ती खोली?"

"एका."

"कवा घेतलीस?"

"आपण बघितली त्याच आठवड्यात."

ती परातीत पीठ मळत राहिली. "मला सांगितलं असतंस, तर मी जा म्हनले असते," ती म्हणाली. "अडवलं असतं का तुला? मुकादमाला कशाला मधी घातलंस?"

"आई, नको जाऊस तू," तो म्हणाला. "मी तिकीट रद्द करतो."

"चार मान्सांत शब्द दिलाय," लंकाबाई म्हणाली. "आता मागारी घ्यायचा न्हाई. हात धू आन् जेव."

दसऱ्यानंतर टोळी निघाली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गाठोडी, भांडी, पाण्याच्या टाक्या, त्यावर बाया बसल्या होत्या. अंगदने आईचं गाठोडं वर चढवलं. "माझं पोरगं इमानानं जातंय पुढच्या हप्त्यात," लंकाबाई भीमाच्या आईला सांगत होती, आवाज चांगला चढवून, सगळ्यांना ऐकू जाईल असा. मग खाली वाकून त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. तो काही बोलणार तोच ट्रॅक्टर हलला.

ट्रॉली वळणाआड जाईपर्यंत तो रस्त्यात उभा राहिला. मग घरी येऊन ओट्यावर बसला आणि रडला, लहान पोरासारखा, आवाज करून. ऐकायला वाडीत फारसं कुणी उरलंच नव्हतं. पण रडू यायच्या आधी, ट्रॅक्टर वळला त्या क्षणी, त्याला सुटल्यासारखं वाटलं होतं. ते त्याला चांगलं ठाऊक होतं, आणि ते आता कुणाला सांगून हलकं करण्यासारखंही नव्हतं.