आर्व्हिलचं पातं

आर्व्हिलनं त्याचा ट्रॅक्टरमागं ओढायचा रोटरी कटर माझ्या दुरुस्तीच्या शेडच्या दारात आणून सोडला, तेव्हा मला आनंदच झाला. लपवून काय करू? गेल्या साली याच कटरनं गवत कापताना तो टेकडीवरच्या आमच्या थडग्यांवरून गेला आणि माझ्या आईचा संगमरवरी दगड मोडला. वीतभर बुंधा तेवढा उरला. वर "गवतात दिसला नाही गं" म्हणून मोकळा! टेकडी त्यानं विकत घेतली होती, आमची मेलेली माणसं नव्हती घेतली. आणि चर्चमध्ये मात्र मेला पुढच्या बाकावर.

"डेल्फा, क्लच घसरतोय. झुडपात घातला की धूर काढतो. आवळून टाक घट्ट."

"प्लेटा झिजल्यात. बदलाव्या लागतील."

"तुझं आपलं नेहमीचंच! आवळ म्हटलं की आवळायचं. बाईच्या हातात पाना दिला की हे असं होतं."

अहो, हा क्लच घसरण्यासाठीच असतो. पातं दगडाला अडलं की तो घसरतो, झटका स्वतः खातो, म्हणून गिअरबॉक्स वाचतो. त्याच्या स्प्रिंगा पार दाबून टाकल्या तर तो क्लच कसला, नुसतं लोखंड. आजवर कुणी कितीही गळ घातली तरी मी तसा आवळून दिलेला नाही.

"एक सांग," मी म्हटलं, "यंदा आईच्या अंगावरून जाणार नाहीस ना?"

"देवाशपथ! लांबूनच वळवीन."

"मग आवळते. पण दगडाला लागला तर गिअरबॉक्स जाईल, आत्ताच सांगून ठेवते."

"मी काय आंधळा आहे?"

सगळे नट शेवटापर्यंत पिळले. प्रत्येक नटाला आर्व्हिलच्या नावानं शिवी हासडली, फार बरं वाटलं. पाती मात्र जीव लावून केली. दोन्ही उतरवून सारखी घासली, वजनाला बरोबर केली, बोल्ट नवे घातले. सुटलेलं पातं माणूस कापतं, आणि मला आर्व्हिल मारायचा नव्हता, त्याचा माज उतरवायचा होता. शब्द पाळला असता तर त्याचं काही म्हणता काही बिघडलं नसतं.

आठवड्याच्या आत कटर परत आला. गिअरबॉक्स उभा चिरलेला, तेल गळतंय.

"झाडाचा खुंट लागला," आर्व्हिल म्हणाला. माझ्याकडे बघेना.

मी वाकून पात्याच्या धारेवरून बोट फिरवलं. बोटाला पांढरी भुकटी लागली.

"आपल्या टेनेसीत संगमरवराचे खुंट कधीपासून उगवायला लागले रे?"

तो पुटपुटला, "वळसा फार पडतो गं. दुरुस्त करून दे, गवत उभं आहे."

"राहू दे उभं." मी पाना घेतला आणि त्याच्या डोळ्यांदेखत ते पातं सोडवून ठेवून घेतलं. आई गं, तुझा बुंधाही गेला, पण फुकट नाही गेला.

मे महिन्यातल्या एका रविवारी आमच्याकडे सगळी घराणी तळलेली कोंबडी न् फुलं घेऊन थडगी सजवायला येतात. आर्व्हिलही आला, कडक इस्त्रीचा शर्ट घालून. आईच्या उशाशी, दगडाच्या जागी, मी ते पातं उभं रोवलं होतं, धारेवरच्या खाचा सगळ्यांना दिसतील असं.

"हे काय, डेल्फाबाई?" पाद्रीबाबांनी विचारलं.

"आर्व्हिलला विचारा," मी म्हटलं. "त्याचंच आहे."