चुलीमागच्या प्लेटा

जानेवारीतल्या त्या रविवारी सकाळी विजयमालेने चुलीमागे पाहिलं आणि तिचा आवाज चढला. "अण्णा, माझ्या प्लेटा इथं कोणी ठेवल्या?"

"मीच. परवा रातीपासनं हायेत," तिचे वडील भीमराज दाढी करता करता म्हणाले. "खिडकीत गारठली असती बिचारी. आमच्या डिस्टिलरीतलं यीस्ट बाळंतिणीवानी ऊब मागतं."

पुण्यातल्या प्रयोगशाळेतलं, ठरावीक गारवा राखणारं इनक्युबेटर बिघडलं म्हणून विजयमाला यीस्टच्या प्लेटा घेऊन श्रीरामपूरला घरी आली होती आणि त्या गार खिडकीत ठेवल्या होत्या. तिच्या यीस्टचं एक जनुक सदोष होतं. गारव्यात पेशी नीट दुभंगायच्या. उबेत मात्र आतली केंद्रकं वाढत जायची, दोन पेशी वेगळ्या करणारी मधली भिंत काही उभी राहायची नाही, आणि विभाजन अर्धवट राहून पेशी मरायच्या.

"वर्षाचं काम मातीत घातलंत! तुम्हाला यातलं काय कळतं?"

"चुकलं गं माझं," ते म्हणाले. गालावर साबण तसाच. दुपारी स्टँडवर त्यांनी पुण्याच्या एसटीच्या खिडकीतून प्लेटांची पिशवी आत दिली, ती तिने त्यांच्याकडे न बघताच घेतली.

सोमवारी पहिल्या पाळीत भीमराज यीस्टच्या टाकीपाशीच कोसळले. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

तीन आठवड्यांनी ती प्रयोगशाळेत परतली. फ्रिजमध्ये तशाच पडलेल्या प्लेटा फेकायला काढल्या, तर एकीवर मोहरीएवढे तीन ठिपके. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. मधली भिंत उभी राहत होती, पेशी सुट्या होत होत्या, तेही उबेत वाढून! दुसऱ्याच एका जनुकात बदल होऊन पहिल्याची उणीव भरून निघाली होती. उबेत बाकीच्या मेल्या, म्हणूनच या वेगळ्या दिसल्या. ते दुसरं जनुक ओळखण्यात पुढची दोन वर्षं गेली. प्रबंध त्याच्यावरच झाला.

पेढे घेऊन ती डिस्टिलरीत गेली. अण्णांचे पाळीतले जोडीदार सूर्यभानकाका तिला टाकीपाशी घेऊन आले. फेस वर चढत होता.

"कोसळला त्या दिशी पाळीवर आल्या आल्या मला म्हनला, पोरीचं यीस्ट मारलं मी. लई खाल्लं त्याला ते."

ती काहीतरी पुटपुटली.

"काय? मोठ्यानं बोल, हवेचा ब्लोअर चालू हाय!"

"मारलं नाही, काका! त्या उबेतच ते जनुक सापडलं!"

तिने टाकीच्या कठड्यावर हात ठेवला आणि आवाज तसाच चढा ठेवून म्हणाली, "चुकले मी, अण्णा. तुमच्यामुळे झालं माझं सगळं. तुमच्यामुळे."