आत्याचा वाकडा दात

कवळ्या बनवणाऱ्या बापूला हल्ली दात बघूनच वैताग यायचा. दवाखान्यामागच्या खोलीत प्लॅस्टरच्या जबड्यांना तोंड देता देता त्याची निम्मी हयात गेली होती. डॉक्टर साचे पाठवायचे, हा मेणात दात बसवायचा, कंपाउंडर घेऊन जायचा. ते पुढे कुणाच्या तोंडात गेले, देव जाणे! एके काळी कामासाठी हात शिवशिवायचे, आता नुसत्या पाट्या टाकणं चाललं होतं. मेहुण्याने रंगाच्या दुकानात गल्ल्यावर बसायला बोलावलं होतं. सोमवारी बापू त्याला होकार कळवणार होता.

तेवढ्यात आत्याची कवळी करायला आली. आईच्या मागे त्याला लहानाचं मोठं केलं ते या आत्याने. दात गेल्यापासून ती तोंडावर हात धरून हसायची, आणि अलीकडे तर हसायचीच नाही. बापूने तिच्यासाठी एकसारखे, मोत्यांसारखे दात मेणात बसवले आणि डॉक्टरांना विचारून, पक्के करण्याआधी तिला घालून बघायला स्वतः घरी नेले.

आत्याने आरशात पाहिलं आणि कवळी काढून त्याच्या हातात ठेवली.

"कुणाचे रे हे?"

"तुझेच की, आत्या."

"माझे? हे टूथपेस्टच्या जाहिरातीतल्या बाईचे. माझा पुढचा दात वाकडा होता. तुझ्या शर्टाची बटणं लावताना दोरा त्यानेच तोडायचे मी. विसरलास?"

दात तो विसरला नव्हता. पण माणसाला असं काही विचारायचं असतं, हेच पार विसरला होता. त्याची त्यालाच लाज वाटली. त्याने गॅसवर सुरी तापवली, मेण मऊ केलं, दात जरासा वळवला.

"एवढा?"

"अजून. अरे, भितोस कशाला? चांगला वाकडा कर!"

एका दातावरून दोघं कितीतरी वेळ भांडत बसले. समोरचा चहा गार झाला तरी बापूला पत्ता नव्हता.

शेवटी आत्याने कवळी घालून पुन्हा आरसा घेतला. त्या दातावरून जीभ फिरवली.

"आले गं बाई मी परत," ती आरशाला म्हणाली आणि हसली. सवयीने हात तोंडाकडे निघाला, आणि अर्ध्यावरूनच मांडीवर परतला. बापूचे डोळे भरून आले.

सोमवारी त्याने मेहुण्याला नाही म्हणून कळवलं. कंपाउंडर नवा साचा ठेवून वळला, तसं बापूने हाक मारली.

"कोणाचा रे हा?"

"आहेत एक आजोबा. बाहेर बसलेत."

"त्यांना थांबव जरा," बापू हात पुसत उठला. "हसताना कसे दिसायचे, ते विचारतो."