कातड्याआधी टोपी

माझ्या नवऱ्याच्या, घुमूरच्या हातात कला आहे. पण घाई झाली की त्याची अक्कल चरायला जाते.

दुपारी बिक्कीचं लग्न होतं आणि त्याच्या मामाकडून आलेल्या तलवारीची मूठ नव्याने बांधायची होती. पात्याजवळच्या आडव्या पट्टीचं काम छान झालं: आत बाभळीचं लाकूड, त्यावर पत्रा, त्यावर मी कमावलेलं कातडं, वरून पितळ. मग मुठीच्या लोखंडी दांड्यावर कातड्याची नळी चढवायची आणि शेवटी टोकाला तांब्या-पितळेची टोपी ठोकायची. आमच्या साहेबांनी टोपीच आधी तापवून ठोकली. दांडा उघडाबोडका!

"अरे, आता कातडं काय टोपीवरून उडी मारणार आहे?" मी ओरडले.

तो दचकला आणि तापलेली टोपी दोन्ही हातांनी ओढायला गेला. तळवे भाजले. ताकाच्या भांड्यात हात बुडवून बसला.

तेवढ्यात मोटारसायकलवरून बिक्की आला, मागे तामकोमावशी. आई गेल्यापासून तिनेच त्याला वाढवलेलं. उघडं लोखंड बघताच ती मागे सरली. आमच्या वाळवंटात खानदानी माणसं उघड्या लोखंडाला शिवत नाहीत. ते आम्हा लोहारांचं काम.

"हे घेऊन माझा मुलगा नवरीच्या तंबूत शिरणार? अपशकुन! आणि तलवारीशिवाय गेला तर तिकडचे हसतील. लग्न पुढे ढकला."

"मावशी, असं नको गं!" तोंडावर ओढलेल्या मुंडाशाच्या पदराआडूनही बिक्कीचा आवाज रडवेला ऐकू आला. "अजून किती थांबू?"

"आणि ती मोटारसायकल काय लाकडाची आहे का रे?" मी म्हटलं. लोहाराच्या बायकोला असं बोलायची मुभा असते, आणि मी ती वाया घालवत नाही.

"तिच्या हँडलला रबर आहे," बिक्की घाईघाईने म्हणाला.

हसत हसतच मी ओलं कातडं उचललं. दांड्याभोवती गुंडाळून जागेवरच शिवता आलं असतं. पण मूठ हलू न देता कुणीतरी घट्ट धरायला हवी होती. बाकीचे लोहार रीतीप्रमाणे लग्नघरी मांस शिजवत होते. घुमूरचे हात ताकात.

"मी धरतो," बिक्कीने बाही वर सारली.

"खबरदार! आजच्या दिवशी तू नाही." तामकोमावशी माझ्यासमोर वाळूत बसली, डोळे मिटले, बिस्मिल्ला म्हणाली आणि तिने उघडं लोखंड मुठीत धरलं.

तलवारीची मूठ जराही हलली नाही. मी शिवत गेले, तसतशी तिची बोटं वर सरकत गेली, कायम उघड्या लोखंडावरच. एरवी मी तिला टोमणा मारल्याशिवाय सोडलं नसतं. आज मान खाली घालून टाके घालत राहिले.

शेवटचा टाका बसला. तिने तलवार पात्याकडून उचलून बिक्कीला दिली. त्याने कातडं चाचपलं आणि तिचा हात हातात घ्यायला गेला. तिने तो झटकन पदराआड लपवला.

"आधी वाळूने घासू दे. तू निघ, नवरी वाट बघतेय."